इंजिन, चासी आणि वालचंद

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. त्या वेळी वृत्तपत्रांनी आणि मुंबईकरांनी तिच्याविषयी बऱ्याच आठवणी जागवल्या. मात्र तिच्या बॉनेटखालच्या इंजिनाची कुळकथा फारशी कोणी सांगितली नाही. चार सिलिंडरचे हे इंजिन १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. इटलीतील फियाट कंपनीने हीच मापे १९३७ साली आपल्या ५०८ सी या गाडीसाठी निश्चित केली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्याच इंजिनाला अधिक दमदार करून तुरीन शहरात सिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार तयार झाली. तिच्या देखणेपणामुळे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात तिला स्थान दिले. मुंबईची टॅक्सी आणि कलासंग्रहालयातली स्पोर्ट्स कार या नात्याने एकाच घराण्यातल्या ठरतात.

हे घराणे कुर्ल्याला येऊन स्थिरावले ते सोलापूरच्या एका कंत्राटदारामुळे. वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव. पहिल्या भारतीय जहाज कंपन्यांपैकी एक, पहिला विमान कारखाना, पहिला आधुनिक जहाजबांधणी कारखाना आणि पहिल्या मोटार कारखान्यांपैकी एक, अशी त्यांच्या नावापुढची यादी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या यादीत न दिसणारा एक प्रश्न मात्र त्यांच्या सर्व उद्योगांत पुनःपुन्हा उभा राहिला. एका ठिकाणी घडलेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी घडलेल्या वस्तूशी जुळावी कशी, आणि ती जुळेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा तो प्रश्न होय.

अरुंद रुळांची शाळा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. व्यापारासाठी महाराष्ट्रात स्थिरावलेले हे गुजराती दिगंबर जैन कुटुंब. वडील हिराचंद नेमचंद यांची सोलापुरात सावकारी आणि कापसाची पेढी होती. वालचंदांचे शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे झाले. परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची पत होती. 'फाटक-वालचंद' हे नाव काही वर्षांतच रेल्वेच्या कंत्राटदारांत मानाने घेतले जाऊ लागले.

ही बार्शी लाइट रेल्वे अभियंत्यांच्या दृष्टीने एक नमुनेदार रेल्वे होती. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीला, म्हणजे त्या काळच्या बार्शी रोड स्थानकावर, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला भेटे. त्या मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपाच फुटांचे. दोन्ही गाड्या एकाच स्थानकात उभ्या राहत, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणे अशक्य होते. कापसाची प्रत्येक गासडी आणि धान्याचे प्रत्येक पोते हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. मात्र खुद्द बार्शी रेल्वेच्या आत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने एक शिस्त घालून दिली होती. इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे कुठलाही डबा त्या मार्गावर कुठेही जाऊ शके. मापे जुळली तर काय साधते आणि न जुळली तर काय भोगावे लागते, याचे दोन्ही धडे तरुण कंत्राटदाराला एकाच रेल्वेवर मिळण्यासारखे होते.

पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या माध्यमातून त्यांनी भोर घाटातील रेल्वेचे बोगदे खोदले, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम केले. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. दगड, माती आणि पोलाद यांच्या हिशेबात मुरलेला हा माणूस समुद्राकडे वळला तो मात्र काहीसा अकस्मात.

दुसऱ्याने बांधलेले जहाज

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी 'लॉयल्टी' हे जहाज रुग्णसेवेसाठी दिले होते. युद्ध संपल्यावर ते विक्रीस निघाले. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या चौघांनी ते घेतले आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

गौरवाच्या या प्रसंगाला एक व्यावहारिक बाजूही होती. 'लॉयल्टी' मुळात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज होते. १८९१ पासून ते प्रशांत महासागरात धावत होते. प्रवाशांच्या ऐषारामासाठी आखलेले, कोळसा भरपूर खाणारे हे वयस्क जहाज मालवाहतुकीच्या धंद्याला जुळणारे नव्हते. काही वर्षांतच, १९२३ मध्ये, ते मोडीत काढावे लागले. त्याच सुमारास लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने सिंदियाला स्पर्धेत जेरीस आणले आणि सिंदियाने किती टनांची जहाजे बाळगावीत यावर मर्यादा घालणारा करार पदरात घातला. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी घडवलेले साधन विकत घेऊन आपण स्वतंत्र होत नाही, हे या अनुभवाने वालचंदांना पुरते उमगले असावे. त्यानंतरच्या त्यांच्या सर्व योजनांचा रोख वस्तू चालवण्याकडून वस्तू घडवण्याकडे वळलेला दिसतो. रावळगावची गोळ्यांपूर्वीची साखर आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा साखर कारखाना हे १९३० च्या दशकातले उद्योगही त्याच वाटेवरचे टप्पे होते.

मोटार जुळवणे आणि मोटार घडवणे

भारतात मोटारी त्या काळीही तयार होत, असे जाहिराती वाचून वाटावे अशी स्थिती होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता, फोर्डचीही जुळणी केंद्रे होती. प्रत्यक्षात तेथे परदेशातून खोक्यांत आलेले सुटे भाग फक्त जोडले जात. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक दट्ट्या, प्रत्येक दातेरी चक्र बाहेरून येई. येथील कामगाराच्या हाती पाना होता, पण माप नव्हते.

माप हाती असणे म्हणजे काय, हे १९०८ साली इंग्लंडमध्ये एका चाचणीने जगाला दिसले होते. अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, काही भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग घालण्यात आले आणि त्या ढिगातून केवळ साध्या हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या जोडण्यात आल्या. कानस लावण्याची मुभा नव्हती. जोडलेल्या गाड्यांनी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ५०० मैल पार केले आणि कॅडिलॅकला ड्युअर करंडक मिळाला. कंपनीचे सूत्रधार हेन्री लेलँड बंदुका आणि यंत्रहत्यारे बनवण्याच्या धंद्यातून आले होते. प्रत्येक भाग ठरलेल्या मापात, ठरलेल्या फरकाच्या आत उतरला पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्या दिवशी खरा ठरला. मोटार उद्योगाचा पाया त्या क्षमतेवर उभा असतो. सुटे भाग जोडण्याचे कौशल्य त्यानंतरची पायरी आहे.

वालचंदांना ही क्षमता भारतात आणायची होती. म्हैसूरचे माजी दिवाण आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी राहिलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून भारतासाठी एक योजना तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनेही भांडवलावरील परताव्याची हमी देण्याची तयारी दाखवली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, ती फळाला आली नाहीत. क्रायस्लरशी मात्र सूत जमले आणि १९४० मध्ये करार झाला. मालकी भारतीय आणि तांत्रिक साहाय्य अमेरिकन, असे त्याचे स्वरूप होते.

तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. केंद्रातील ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. यंत्रसामग्री आयात करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. युद्धात लष्कराला हजारो ट्रक लागत होते, ते समुद्रापलीकडून येत होते आणि येथे कारखाना काढू पाहणाऱ्याला परवानगी नव्हती. या विसंगतीवर मध्यवर्ती कायदेमंडळातही टीका झाली, पण निर्णय बदलला नाही.

वाट अडली म्हणून वालचंद थांबले नाहीत. १९३९ च्या त्याच दौऱ्यातून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी गाठ पडली होती. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने आपल्या ताब्यात घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. दोन्ही आघात पचवून १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदवली आणि कुर्ल्याला कारखान्याची उभारणी सुरू केली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स हा त्यांचा समकालीन प्रतिस्पर्धी होता.

एक इंजिन, चार नावे

कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी आणि फार्गो हे ट्रक बाहेर पडत. ग्राहकाला या वेगवेगळ्या गाड्या वाटत. अभियंत्याला त्यांच्यातले साम्य लगेच दिसे. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या निर्यातीच्या गाड्या मुळात प्लिमथच्याच सांगाड्यावर बांधलेल्या होत्या. पुढची जाळी, बोधचिन्ह आणि काही सजावट एवढाच फरक. फार्गो ट्रक हा डॉज ट्रकचाच जुळा भाऊ. सर्वांच्या पोटात क्रायस्लरचे सहा सिलिंडरचे, बाजूच्या झडपांचे इंजिन असे. नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाची होती. एका इंजिनाचे भाग येथे घडवता आले की चार नावांच्या गाड्यांची गरज भागणार होती.

गाडी विकत घेणाऱ्यासाठीही या साम्याला मोल होते. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरीमार्गे आष्टी आणि आलापल्लीच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्याचा विचार करावा. लाकूड भरलेला ट्रक अशा रस्त्यावर बंद पडला तर मुंबईच्या विक्रेत्याचे दुकान शेकडो मैलांवर असते. अशा ठिकाणी गाडीचा वेग किंवा रंग कामाचा नसतो. जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या बंद गाडीचा पंप, क्लचची थाळी किंवा सिलिंडरचे हेड आपल्या गाडीला बसेल का, एवढेच महत्त्वाचे असते. बसत असेल तर दोन दिवसांत चाके फिरतात, बसत नसेल तर गाडीवर वेली चढतात. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात असो की कोकणच्या घाटात, वाहनाचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांच्या जुळणीवर अवलंबून असते.

या जुळणीतही फसगती होत्या. क्रायस्लरचे हे सहा सिलिंडरचे इंजिन दोन लांबींत येई. अमेरिकेतील प्लिमथ आणि डॉज गाड्यांचे इंजिन सुमारे २३ इंच लांबीचे, तर डिसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या गाड्यांचे सुमारे २५ इंचांचे. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसत. आखूड इंजिनाच्या जागी लांब इंजिन बसवायला घेतले की पुढचा आधार जागेवर येत नसे आणि पंखा रेडिएटरवर आदळे. मग रेडिएटर पुढे सरकवावा लागे, आधाराची जागा बदलावी लागे. दोन इंचांच्या फरकाने दिवसभराचे काम आठवड्यावर जाई.

जुन्या गाडीत परके इंजिन बसवणाऱ्या प्रत्येकाला आजही याच क्रमाने जावे लागते. प्रथम इंजिन बॉनेटखाली मावते का, त्याचे तेलाचे चेंबर चासीच्या आडव्या पट्टीला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना लागत नाही ना, हे पाहावे लागते. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले बेलहाउसिंग. दोहोंच्या बोल्टांची छिद्रे जुळली नाहीत तर मध्ये जाड पट्टी घडवून घालावी लागते. पट्टी घातली की गिअरबॉक्सचा शाफ्ट तेवढा मागे जातो, फ्लायव्हीलच्या मध्यातील छोट्या बेअरिंगपर्यंत त्याचे टोक पोहोचेनासे होते आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापावा किंवा वाढवावा लागतो. त्यापुढे विजेचा प्रश्न. १९५५ पर्यंतच्या प्लिमथ-डॉजमध्ये सहा व्होल्टची वीज असे आणि बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे. नंतरच्या इंजिनांवरील उपकरणे बारा व्होल्टची आणि ऋण टोक चासीला जोडण्याच्या पद्धतीची. आटेसुद्धा एका भाषेचे नसत. अमेरिकन बोल्ट इंचांच्या एका पद्धतीचा, ब्रिटिश बोल्ट व्हिटवर्थच्या दुसऱ्या पद्धतीचा आणि इटालियन बोल्ट मिलिमीटरचा. तिन्ही हाताने दोन फेरे फिरत आणि तिसऱ्या फेऱ्याला अडकत. जोर लावणाऱ्याचे आटे मरत.

हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हता. भारतात पेट्रोल महाग होते, डिझेल स्वस्त. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीने पी ६ हे डिझेल इंजिन १९३७ पासून पेट्रोल ट्रकांत बसवण्याजोगे करून विकले होते. १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत पर्किन्स इंजिने तयार होऊ लागली आणि अमेरिकन आराखड्याच्या भारतीय ट्रकांत ब्रिटिश आराखड्याचे भारतीय इंजिन धडधडू लागले. त्यातही हिशेब चुकवून चालत नसे. हे डिझेल इंजिन मिनिटाला साधारण २४०० फेऱ्यांपर्यंत चाले, तर जुने पेट्रोल इंजिन त्याहून बरेच वेगाने फिरे. मागच्या आसातील दातेरी चक्रांचे प्रमाण तेच ठेवले तर ट्रकचा वेग घसरे. जास्त वजनाचे इंजिन पुढच्या स्प्रिंगांवर बसे, म्हणून त्याही बदलाव्या लागत. पुढे १९७३ च्या तेलटंचाईनंतर मुंबईतील कित्येक जुन्या अमेरिकन मोटारींचीही मूळ इंजिने निघाली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिने आली. आज त्याच गाड्या मूळ रूपात आणू पाहणारे संग्राहक सहा सिलिंडरच्या त्या इंजिनांचा शोध भंगार बाजारात घेत असतात.

इटलीचे इंजिन

थोरल्या अमेरिकन गाड्या नव्या स्वतंत्र देशाच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. परकीय चलन तुटपुंजे होते, पेट्रोल आयात होत होते. प्रीमियरने १९५० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी संधान बांधले ते या कारणाने. छोटी फियाट ५०० आणि तिच्यामागून ११०० कुर्ल्यात आली. सहा सिलिंडरऐवजी चार, साडेतीन लिटरहून अधिक क्षमतेऐवजी एक लिटरच्या आसपास, इंचांऐवजी मिलिमीटर. कारखान्याला जणू नवी वर्णमाला शिकावी लागली.

वालचंद या बदलाचे साक्षीदार होते, सूत्रधार राहिले नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. त्याआधी, १४ मार्च १९४८ रोजी, विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले होते. 'लॉयल्टी'पासून एकोणतीस वर्षांनी वालचंदांच्या डोळ्यांसमोर येथे बांधलेले जहाज तरंगले. मोटारीच्या बाबतीत ते समाधान त्यांना पूर्णपणे लाभले नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा केली.

त्याच वर्षी टॅरिफ आयोगाचा अहवाल आला. भारतात टप्प्याटप्प्याने भाग तयार करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनीच येथे राहावे, ही त्याची शिफारस सरकारने स्वीकारली. केवळ खोकी उघडून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांनी पंधरा-सोळा वर्षे ज्या धोरणासाठी सरकारचे दरवाजे ठोठावले होते, ते धोरण वालचंदांच्या निधनाच्या वर्षी आकाराला आले.

संरक्षणाची दुसरी बाजू

या धोरणाने प्रीमियरला बाजारपेठ मिळवून दिली आणि त्याच धोरणाने तिला आळसही दिला. फियाट ११०० ची डी आवृत्ती १९६० च्या दशकाच्या मध्यास भारतात आली. १९७४ पासून ती पद्मिनी झाली. दरम्यान इटलीतील फियाटने ती गाडी केव्हाच बंद केली होती. भारतीय ग्राहकाला वर्षानुवर्षे नोंदणी करून तीच गाडी मिळत राहिली. वालचंदांनी मागितलेले संरक्षण परक्यांची कोंडी फोडण्यासाठी होते. पुढच्या काळात ते स्पर्धेपासूनचे कवच बनले. बाहेरून घेतलेला आराखडा आत्मसात करून त्यापुढचा आराखडा स्वतः रचायचा असतो. ती पायरी गाठण्याची घाई कोणालाच वाटली नाही. वालचंदांच्या वारशाचे मूल्यमापन करताना ही उणीव झाकता येत नाही.

तीच गाडी तीस-पस्तीस वर्षे जवळपास तशीच राहिल्याचा एक अनपेक्षित लाभ मात्र टॅक्सीचालकांना झाला. आधीच्या गाडीचे बहुतेक भाग नंतरच्या गाडीला बसत. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, चोरबाजारात, प्रत्येक उपनगरातल्या गॅरेजात ते मिळत. पेट्रोलवर जन्मलेली इंजिने पुढे सीएनजीवर धावली. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीचे शौकीन याच इंजिनांतून अधिक अश्वशक्ती काढत. सिसितालियाच्या कारागिरांनी तुरीनमध्ये जे केले होते, तेच आपल्या परीने येथील मिस्त्री करत होते.

१९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई ही गाडी आणली. तिचे अंग फियाट १२४ चे, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या निस्सानचे. ११७१ घनसेंटिमीटरचे ए १२ इंजिन इटालियन आराखड्याच्या गाडीत बसवण्याचे काम या वेळी रस्त्याकडेच्या गॅरेजात न होता कारखान्यात, मापे घेऊन झाले. इंजिन बदलण्याची कला इतकी वर्षे अडचणीतून मार्ग काढण्याची कला होती. येथे ती कंपनीचे अधिकृत उत्पादन बनली. गाडी लोकांना आवडलीही. परंतु मारुती ८०० तोवर बाजारात उतरली होती आणि काळ बदलला होता. शतक सरता सरता कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादन थांबले.

वालचंदांनी उभारलेल्या संस्थांची पुढची वाटचाल वेगवेगळी झाली. बंगळूरचा विमान कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणून सार्वजनिक क्षेत्रात वाढला. विशाखापट्टणमचा कारखाना हिंदुस्तान शिपयार्ड झाला. वालचंदनगरच्या यंत्रशाळेत साखर कारखान्यांच्या यंत्रांबरोबर अंतराळ कार्यक्रमासाठी अग्निबाणांचे भागही घडू लागले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५० च्या दशकात त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील कार्यशाळेत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आरंभीच्या दिवसांतच मापनाची उपकरणे येतात. व्हर्निअरची खूण वाचायची, शाफ्टचा व्यास मोजायचा, तो छिद्रात बसेल की अडेल हे ठरवायचे. कुर्डुवाडीच्या फलाटावर पोती हलवणाऱ्या हमालांपासून ते लांब-आखूड इंजिनांशी झुंजणाऱ्या मिस्त्रींपर्यंत सर्वांना ज्या अज्ञानाची किंमत मोजावी लागली, त्यावरचा उपाय एवढाच आहे, आणि तो परदेशातून खोक्यांत भरून आणता येत नाही.